भिंगरीचं पथ्य

जतच्या धानाप्पानं पेंडीच्या टेम्पोतून उतरवली,
दोरी माझ्या हातात दिली.
म्हणाला, पाय गेला तिचा, आता शर्यतीची न्हाई.
पावतीत धरू नका. एक डाग जास्त समजा.

पंचवीस किलोची, त्यातली निम्मी छाती.
बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.
उपाशी नव्हती, जातच तशी;
पण सांगलीत आमच्या गल्लीत
बरगडी दिसली की लोकांचा जीव कळवळतो.
घाला की वो हिला काहीतरी.

घातलं.
दूध-भाकरी घातली, रात्रभर पोटात गिरणी चालू.
तूप-भात घातला, पहाटे जिन्यात सापडला.
मग गणपती पेठेतून सतराशेची पिशवी आणली,
वर हसणारा कुत्रा छापलेला.
चौथ्या दिवशी घरात
तेवढा एकच हसत होता.

खोत डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं,
तिनं लांब नाक त्यांच्या कोपराखाली खुपसलं.
एका वेळी एकच जिन्नस, ते म्हणाले,
आठ दिवस थांबायचं, मग दुसरा.
घाई नको. पळायचं काम तिचं होतं, तुमचं नाही.
बेदाणा चुकूनही नको.
आणि कांदा-लसूण तर अजिबात वर्ज्य.

कोपऱ्यातल्या खुर्चीत आण्णा पहिल्यांदाच हसले.
म्हणजे आपल्यातलीच की!

चाळीस वर्षं हळदीची अडत केलेला माणूस.
कांडी मोडून, वास घेऊन, उन्हात धरून
कुठल्या रानातली ते सांगायचा.
त्यानं कपाटातून जुनी लाल चोपडी काढली,
कोऱ्या पानावर रेघा मारल्या:
आवक. जावक. शेरा.
आवक: तांदूळ मऊ, मूठभर. मूगडाळ, साल काढून.
पुढच्या सोमवारपासून लाल भोपळा, वाफवून.
जावक बघायला रोज सकाळी
काठी टेकत परसात जायचे,
चष्मा कपाळावर, मान वाकडी,
सौद्याला उभे असल्यासारखे.
‘पातळ. भाव नाही.’
‘मध्यम. थोडी ओल.’
आणि एका गुरुवारी, ठळक अक्षरात:
‘बांधीव. राजापुरीच्या तोडीची.’
त्या दिवशी त्यांनी स्वतःही खिचडी
कुरकुर न करता खाल्ली.

पण वजन उतरत होतं.
डॉक्टर पुन्हा म्हणाले, नुसत्या डाळीवर नाही भागायचं.
कोंबडी. उकडलेली, कातडी काढून, बिनमिठाची.
पंखा फिरत राहिला.
आईनं देव्हाऱ्याकडं बघितलं, मी फरशीकडं.
आण्णांनी चोपडी मिटली.
भिंगरी आमच्या तिघांच्या मधोमध
चार पाय चार दिशांना टाकून झोपलेली.

समोरच्या जुबेदाभाभींनी ऐकलं कुणाकडून कोण जाणे.
एवढंच ना? आमच्या पातेल्यात एक मूठ जास्त.

तेव्हापासून ऊन कलताना
त्यांच्या पायरीवर जर्मनची वाटी यायची.
भिंगरी रस्ता ओलांडायची, हलके, तीन पायांवर भार देत,
खाऊन, तोंड पायरीला पुसून परत.
आण्णा त्या वेळी आत जायचे,
पोथी उघडायचे, थोडं मोठ्यानं वाचायचे.

चोपडीत मात्र एक नवी रेघ आली होती.
तांदूळ, मूग, भोपळा,
आणि चौथ्या घरात: इतर.
खाली काही लिहिलेलं नाही,
रोज एक आडवी खूण, तेवढीच.
वजनाच्या खान्यात आकडे चढत गेले,
सव्वापंचवीस, साडेपंचवीस.

काल भाभी मिरजेला लग्नाला गेल्या होत्या.
ऊन उंबऱ्यावरून खाली उतरलं.
भिंगरी बंद दाराकडं बघत उभी,
शेपूट पोटाखाली, एक कान मागं.
आतून पोथीचा आवाज थांबला.
बराच वेळ काहीच नाही.
मग आण्णा म्हणाले, बाहेर न बघता:
अरे, अंधार पडायला आला.
ते ‘इतर’ अजून कसं आलं नाही?