बोडका बाण

हर्णैच्या शाळेमागे, सुरूच्या बनाअलीकडे
पेंढ्याचे भारे रचून केलेलं लक्ष्य,
आणि अठरा मीटरवर मी,
वय एकोणपन्नास,
ब्लाऊज शिवून शिवून पुढे आलेली मान.

माझा बाण सरळ जात नाही.
टोपलीतून निसटलेल्या बांगड्यासारखी शेपूट मारत जातो,
वर खाली, डावी उजवी,
आणि पेंढ्यात शिरतो तिरपा,
उशिरा आलेला माणूस अंग चोरून पंगतीत बसतो तसा.

आधी मी वाऱ्याला नावं ठेवली.
दुपारचा खारा वारा, म्हटलं, ढकलतो.
नाझनीन पारकर शिकवते आम्हाला, तेवीस वर्षांची,
दापोलीहून स्कूटरवर येते.
म्हणाली, सकाळी ये. मतलईसुद्धा पडलेला असतो तेव्हा.
सकाळी सुरूची एक काडी हलत नव्हती.
बाण हलला.

मग धनुष्याला.
गळ्यातली टेप काढून मुठीपासून दोरी मोजली:
साडेआठ इंच, हवी तेवढीच.
खाचेची गाठ मात्र एक सूत वर होती.
ती मी उसवली, काळ्या दोऱ्याने पुन्हा बांधली.
अशी गाठ बांधली की नाझनीनने फोटो काढला.
वर-खाली डुलणं गेलं.
डावं-उजवं राहिलं.

पिसं कुठे घासतात का?
माझाच बेतायचा खडू किसून टेकूवर भुरभुरला.
ओरखडासुद्धा नाही.

शेवटी तिने एका बाणाची तिन्ही पिसं सोलून काढली.
जावळ काढलेल्या पोरासारखा दिसला तो.
"पिसं चुका सांभाळून घेतात," ती म्हणाली,
"हा नाही घेणार."
पिसांचे तीन मधोमध नाहीत, पण जवळ जवळ.
बोडका त्यांच्यापासून वीतभर डावीकडे.

"बाण कडक पडतात का गं मला?"
नवे घ्यायची ऐपत नव्हती, तरी आशेने विचारलं.
"असतीलही. आधी हात बघू."

ती मागे उभी राहिली.
दोरी हनुवटीला. श्वास. गेला.
"पुन्हा."
गेला.
"मावशी, तू सोडत नाहीस. तू तोडतेस."

बघितलं तर माझा उजवा हात
गालापासून लांब, हवेत,
तीन बोटं आखडलेली.
ओळखीचा होता तो हिसका.
टाका संपला की दोरा बोटाला गुंडाळायचा आणि झटकन्.
कोळणींची पोलकी, शाळेचे गणवेश,
आंजर्ल्याच्या एका नवरीचं घाईचं काम.
कात्री शोधायला वेळ कुठे असतो.

"बोटं फक्त विसरायची," ती म्हणाली,
"हात आपणहून मागे जाईल, गालाला लागून."
विसरायचं कसं, ते नाही सांगितलं.
सुतळीचं एक कडं दिलं, घरी ओढून बघायला.

संध्याकाळी बंदरावर लिलाव चालू,
कुणीतरी सुरमईचा भाव पुकारत होतं,
मी बारा बाण मारले.
अकरा तोडले.
बाराव्याच्या वेळी बहुतेक भावाकडे कान होता,
मी काही केलं नाही,
तो गेला.
शेपूट नाही, काही नाही.
लक्ष्यावरून गेला, बनात.
काडीकचऱ्यात अंधार होईपर्यंत शोधला दोघींनी.

आज दुकानात हेम संपली,
दोरा बोटाला गुंडाळलेला होताच.
थांबले.
कात्री मशीनखाली सापडली.

बोडका बाण अजून चार बोटं डावीकडे जातो.
वारा नसतानाचं सांगतेय.