पाच फुटांची करवत

भोसरीच्या शेडमध्ये, मशिनांची धडधड भिंतीपलीकडे,
मी ट्रान्झिस्टरच्या जोड्या लावत होते.
एक वर, पाच व्होल्टच्या अंगाला,
एक खाली, ग्राउंडला टेकून.
वरचा तार वर ओढणार, खालचा खाली.
लांडगे म्हणाला, सोपंय की,
आलटून पालटून.

सोपं नव्हतं.
स्कोपवर उतरती कड सुरीनं कापल्यागत,
चढती मात्र रेंगाळलेली.
आणि दर बदलाला पाचाची रेघ दचकायची,
अंधारात कुणाचा पाय पडावा तशी.
खालच्यानं अजून सोडलेलं नाही
आणि वरच्यानं ओढायला घेतलं,
तेवढ्याशा फटीत
सगळा करंट दोघांतून सरळ खाली.
बोट लावलं तर चटका.

भवानी पेठेत, टिंबर मार्केटात,
घोडीवर चढवलेला सागाचा ओंडका.
वर बाबालाल तांबोळी, उघडा, पाय फाकून,
खाली माझे वडील, पापण्यांवर भुसा.
मधे उभी करवत.
मी डबा घेऊन जायचे, थांबायचे.
ढकलायचं नसतं गं, वडील म्हणायचे,
आपली ओढ झाली की सोडायचं.
सोडायला चुकला की पातं बसतं,
मग दोघांच्या खांद्यांचं भजं.

दिवसभर मी ओढच वाढवत होते.
बेसला जास्त, अजून जास्त.
ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा वाढलं
की तो जेवून आडवा होतो.
हाक ऐकू येते, उठवत नाही.
पोटातला चार्ज जिरेपर्यंत पडून.

शनिवारी तपकीर गल्लीतून शॉटकी डायोड आणले,
वीस नग, पुडीत, तपकिरीसारखेच.
बेसवरून कलेक्टरकडे एकेक टाकला.
ताटावर आडवा धरलेला हात तो:
पुरे. आता पलीकडे वाढा.
उरलंसुरलं सांडायला
बेसपासून ग्राउंडपर्यंत चारशे सत्तर ओहम.
सप्लायच्या पायाशी एक चपटा कॅपॅसिटर,
उशाशी तांब्या ठेवतात तसा,
अचानक तहान लागली तर.

साडेसहाला लांडगेनं दिवा मालवला.
हिरव्या काचेवर चढती कड
उभी राहिली.
चटकन. जवळजवळ उतरतीइतकी.
आम्ही दोघं काही बोललो नाही,
त्यानं फक्त चहा सांगितला.

घरी वडील उजवा खांदा शेकत बसलेले.
बँडसॉ आल्यापासून करवत माळ्यावर, गोणपाटात.
बोर्ड त्यांच्या तळहातावर ठेवला.
किती वेळात बदलतं हे?
पाच नॅनोसेकंद.
म्हणजे?
तेवढ्यात उजेड पाच फूट जातो.

त्यांनी हात पसरले,
उजवा जेमतेम वर गेला.
आमची पाचच फुटी होती, म्हणाले.
मग बोर्ड डोळ्यांजवळ नेला,
वरच्यावरून नखानं हळूच खाली आले, थांबले.

आणि ह्या खालच्याच्या डोळ्यांत
काय पडतं?