पोटातलं

हुर्झुक चाचांचे एकोणीस आवाजी निरोप
मी ऐकते रुवीतल्या ऑफिसात, कानात बोंडं घालून.
खिडकीबाहेर उघडे तपकिरी डोंगर,
आत एसीचं पाणी बादलीत, टप्, टप्.

मोइदूच्या वकिलाचं पत्र आलंय:
गॅरेजच्या भागीदारीबद्दलचे निरोप द्या. सगळे.
मैमूना बाई म्हणाल्या, दोन ढीग कर.
जगाशी बोलला ते देऊ,
माझ्याशी बोलला ते नाही.

पहिला ढीग सोपा:
फिल्टरची बिलं, जॅकचे भाव,
'मोइदूभाई, हिसाब कब करेंगे?'

दुसऱ्यात रात्री दोन वाजताचा आवाज.
मागे पंखा, खाटेची करकर, खोकला.
'वकीलबाय, सही माजीच हाय.
कागद अरबीत व्हता. माना वाचता येत नाय
ह्या बोलायची लाज वाटली, म्हून केली.
पोटात ठेवा.'

सोळा वर्षं भाषांतर करतेय,
'पोटात ठेवा'पाशी बोटं थांबली.
बाईंना विचारलं. त्या हसल्या,
आमच्याकडे गुपित विहिरीत असतं.
मी विहीर लिहिलं.
आणि तूही त्याच विहिरीत, त्या म्हणाल्या,
आता हसल्या नाहीत.

समोरच्यांना यादी जाईल:
तारीख, कुणाचा, कुणाला, एक मिनिट सात सेकंद.
कारण: वकिली सल्ला.
लाज यादीत लिहायची नसते.

मोइदू माझ्याच इमारतीत राहतो, चौथ्यावर,
हे मी बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलंय.
ईदला तो पत्तिरीचा डबा आणून देतो,
त्याची मुलगी आमच्याकडे गणितं सोडवते.
आज लिफ्टमध्ये तो आणि मीच.
म्हातारा बरा आहे ना? काय म्हणतो?
खरंच काळजीनं विचारलं असावं.
तिसरा मजला एवढा उंच
आजवर कधी नव्हता.
मी म्हटलं, दमट फार वाढलंय.
तो म्हणाला, हो, यंदा जास्तच.

रात्री नवऱ्यानं विचारलं, आज काय विशेष?
कणकेत पाणी जास्त पडलं.
म्हटलं, टायपिंग.

दोनला जाग आली.
वर, चौथ्यावर,
कुणीतरी खोकत येरझाऱ्या घालत होतं,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
तेही मी
कुणाला सांगितलेलं नाही.