साडेपाचचं विमान

वॉर्ड ऑफिसातल्या पोराने विचारलं,
मयताचा व्यवसाय?
शेती, मी म्हटलं.
त्याने मान वर केली. मुंबईत?
कालिन्याला, मी म्हटलं.
थोडा वेळ माझ्याकडे बघून
त्याने ‘इतर’ लिहिलं.

चौऱ्याण्णव वर्षं.
आगेऱ्याला अकरा दिवस उरले होते
आणि भिंतीलगतच्या भाताने अजून मान टाकली नव्हती.

बा बारा वर्षांचा होता तेव्हा लढाईची विमानं आली.
कुणीतरी दोरी धरली, लाल झेंड्या रोवल्या.
दोन खाचरं, वालाचं शेत, खळं, रहाटाची विहीर
झेंड्यांच्या पलीकडे राहिली.
भात उभं होतं. कापू दिलं नाही.
आज्याने बैल तेवढे सोडून आणले
आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या अंगावरची गोचिडं काढत बसला.

जमीन जात नाय रे, बा म्हणायचा,
खाली बसते.

विमान उतरलं की वर न बघता सांगायचा:
हे मोठ्या खाचरात.
हे विहिरीवर.
हे खळ्यावर, अलगद आलं, चांगला गडी दिसतोय.

उरला होता अडीच गुंठ्यांचा पट्टा, भिंत आणि नाल्याच्या मधे.
त्यात लाल माठ, मुळा, पांढरा कांदा,
पावसाळ्यात चार ओळी भात,
जे विकायला नव्हतं, खायलाही पुरत नव्हतं.
आई वाकोल्याच्या नाक्यावर जुड्या मांडायची.
आपोलिनची भाजी म्हणून लोक थांबायचे,
आणि घासाघीस करायचे ते करायचेच.

बाने घड्याळ बांधलं नाही.
साडेपाचचं उतरलं की दोन झाऱ्या उचलायच्या.
विमान लेट, तर माठही तहानलेला.

मी कार्गोत लागलो त्या दिवशी
त्याने एकच विचारलं:
बसतोस कुठे? भिंतीपासून किती पावलं?
मी अंदाजाने सांगितलं.
त्याने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.
म्हणजे वालाच्या शेतात.
मग तेहतीस वर्षं, रात्रपाळी करून आलो की
दारातच,
वाल कसा आहे?
सुरुवातीला मी चिडायचो.
नंतर म्हणायला लागलो, फुलावर आहे.
लग्न झाल्यावर बायकोही विचारायला लागली.

विमानं बंद झाली त्या उन्हाळ्यात
त्याची वेळच मोडली.
पहाटे तीनला पाणी, भर दुपारी पुन्हा पाणी,
मुळे कुजले.
एका सकाळी भिंतीला कान लावून उभा होता.
रहाट वाजतोय, म्हणाला. ऐक.
मी ऐकलं. कावळे होते, कुणाचा तरी मिक्सर होता.
मला नाही येत, मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.
हो म्हणायला माझं काय जात होतं?

पेटीत ठेवताना त्याची बोटं सरळ होईनात.
मुठीएवढी पोकळी तशीच राहिली, आयुष्यभर धरलेल्या दांड्याची.
फादर म्हणाले, राहू द्या.
रोझरी तिथे आपोआप बसली.

आगेऱ्याच्या पहाटे मी विळा काढला.
चालेना.
पाती बोथट नव्हती. धारच उलट्या बाजूला होती:
बा डावखुरा.
साठ वर्षं त्याच्यासमोर जेवलो
आणि हे माझ्या हाताला आज कळलं.

विळा डाव्या हातात घेतला.
एकेक लोंबी, वेड्यावाकड्या.
नातू म्हणाला, आजोबा, कात्री आणू?
नको, म्हटलं.
जुडी काही नीट बांधली गेली नाही.
देवळात सगळ्यांच्या जुड्यांत ती ओळखू येईल.

साडेपाचचं आलं.
मी वर बघितलं नाही.
खळ्यावर, म्हटलं. जरा आदळलं.
आणि झाऱ्या भरायला गेलो.