गुरुवार, तीनपर्यंत

डेट्रॉइटच्या पूर्वेला, ग्रॅशियट रस्त्यावर,
बुटांच्या बंद पडलेल्या दुकानात आमचं डायलिसिस सेंटर.
बारा खुर्च्या. मंगळवार-गुरुवार-शनिवारची दुसरी पाळी
अकराला सुया टोचून घेते
आणि लगेच टीम चालवायला घेते.

आज अदलाबदलीचा शेवटचा दिवस.
तीनला दार बंद. मग ज्याचा जो आहे तो त्याचा,
उन्हाळ्यापर्यंत.

ल्युशस टार्व्हर, खुर्ची चार,
तीस वर्षं गाड्यांना बंपर बसवलेला माणूस,
म्हणतो, तो ब्रॅनिगन देऊन टाका,
वर दुसऱ्या फेरीचे दोन पिक,
आणि त्यांचा सात फुटी सेंटर उचला.
"ते कशाला देतील? येडे आहेत का?"
डेल्फीन वोमॅक. डोळे मिटूनच बोलते ती.
मी प्रेशर लिहिता लिहिता म्हणते,
आमच्यात याला आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात.
मग दहा मिनिटं आवळा समजावत बसते.
ल्युशस मान डोलावतो:
"आंबट, लहान आणि तब्येतीला बरा.
ब्रॅनिगनच की."

नागी सालेह, खुर्ची सहा, पेट्रोल पंपाच्या पावतीमागे
सगळ्यांचे पगार मांडून बसलाय.
एक हात मशीनला, दुसऱ्या हातात पेन्सिल.
"तुम्ही कुणालाही आणा हो,
पण दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत."
किडनीच्या यादीत त्याला चार वर्षं झाली.
ते आकडे तो मांडत नाही.

मग निघतो केझॉन व्हिटलॉकचा विषय.
बावीस वर्षांचा, इथलाच, मॅक अ‍ॅव्हेन्यूचा.
"विका," ल्युशस म्हणतो, "त्याचे गुडघे गेलेत."
डेल्फीन डोळे उघडते.
"गुडघे? तुझं काय धड चाललंय रे?"
शाळेची बस चालवायची ती. हा मुलगा
पहिल्या सीटवर बसायचा,
मागे त्याचे पाय मावायचे नाहीत म्हणून.
सहावीतच.

खुर्ची तीन रिकामी आहे.
कोवाल्चिक असता तर म्हणाला असता,
कुणाला हलवू नका, आहेत त्यांनाच पळवा.
दर फेब्रुवारीत म्हणायचा, दर फेब्रुवारीत हरायचा.
गेल्या शनिवारपासून
त्या खुर्चीकडे बघून कुणी बोलत नाही.
तिच्यावरून पलीकडे बोलतात.

दोन चोपन्न.
टीव्हीचा आवाज मी वाढवते, नियमात बसत नाही तरी.
केझॉन पोर्टलँडला.
बदल्यात एक लिथुआनियाचा, ज्याचं नाव
वाचणाऱ्यालाही धड वाचता येईना,
आणि एक पिक, पाच वर्षांनंतरचं.

पाच वर्षांनंतरचं.
कुणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही.

ल्युशसचं प्रेशर एकशे ऐंशी.
"फुकटात दिला! पोरगं फुकटात घालवलं!"
"सकाळपासून तूच विकत होतास."
"मी विकत होतो ना! मी बरा भाव घेतला असता!"
नागी पावती तीन वेळा तपासतो.
"पगार जुळतात," म्हणतो, अगदी हळू,
जणू त्याचीच चूक.

डेल्फीनच्या सुया काढून मी गॉझ दाबायला देते.
दहा मिनिटं दाबायचं असतं, बोलायचं नसतं असं काही नाही,
पण ती बोलत नाही.
मग म्हणते,
"पोर्टलँडला पाऊस असतो म्हणे सारखा.
त्याला सर्दी लवकर व्हायची."

कोट चढवतात. बाहेर बर्फ काळा पडलाय.
दारात ल्युशस थांबतो,
पहिल्यांदाच सरळ खुर्ची तीनकडे बोट करतो.
"इथे कोण येतंय?"
सांगता येत नाही, मी म्हणते. शनिवारी कळेल.
"उंची तरी?"
पाच फूट. फार तर एक इंच वर.
तो विचार करतो. खरंच विचार करतो.
"बघू," म्हणतो,
"आधी बसू दे."