सोळा इंच

ये, कोरीन. कुत्र्याला बाहेरच ठेव.
झाकण काढलंय, आरसा उघडा आहे,
आणि तुझ्या कुत्र्याला शेपूट फार.

हीच ती.
जाहिरातीत लिहिलं होतं ‘उत्तम स्थितीत’,
ते दुर्बिणीबद्दल. माझ्याबद्दल नव्हे.
एकशेवीस पौंडांची नुसती नळी,
खालची लाकडी बैठक वेगळी.
परवापरवापर्यंत एकटा उचलायचो,
आता मोजे घालायलाही खुर्ची लागते.

विकायला बसलोय, तरी सांगतो:
घेऊ नकोस.
आठ इंची घे. काखेत मावते.
शाळेची बस लावून घरी आलीस
की दहा मिनिटांत अंगणात.
ही म्हणजे दारी झुलणारा हत्ती,
शोभा खूप, पण वैरण कुणी घालायची?
इथे नेब्रास्कात जानेवारीत
रात्र अशी गोठते की कुंपणाची तारसुद्धा वाजते.
त्या रात्री तू दार उघडशील,
हिच्याकडे बघशील,
आणि दार लावून घेशील.
जी रोज बाहेर निघते
तीच मोठी.

हसतेस काय?
बरं. ऐकायचंच नाही,
तर मग नीट ऐक.

हे दांडे बघ, ढकलगाडीसारखे, मीच जोडलेत.
चाकं आमच्या जुन्या गवतकापणी यंत्राची.
वाटेत उंबरा नको, पायरी नको.
तुझ्या गॅरेजला पायरी आहे ना?
मग आधी फळी ठोक,
आकाश नंतर.

तीन पायऱ्यांची शिडी घे;
माथ्यावरचं बघायचं तर डोळा तिथवर पोचत नाही.
संध्याकाळीच बाहेर काढून ठेव हिला,
आरसा गार झाल्याशिवाय
तारे उकळत्या पाण्यातल्या साबुदाण्यासारखे हलतात.
लेझर-बिझर नको इतक्यात.
आरसे जुळवायला फिल्मच्या डबीला
मधोमध भोक पाड, भागतं.
टॉर्चला लाल नेलपॉलिश, दोन हात.
दव धरलं तर केस वाळवायचं यंत्र, लांब वायर.
आणि भिंगं दोनच, पण चांगली.
पहिल्या वर्षी मी स्वस्तातली डबाभर आणली,
सगळ्यांतून शनी तोच,
उकडलेल्या अंड्यासारखा.

तुझ्या शेजारी डुएन राहतो.
त्याचा खांबावरचा दिवा रात्रभर जळतो,
वासरांना अंधाराचं भय वाटतं म्हणे.
भांडू नकोस. रुबार्बचा केक घेऊन जा,
त्याला बोलाव, शनीची कडी दाखव, गप्प उभी राहा.
माझ्या शेजाऱ्यानं त्यानंतर अकरा वर्षं
दिवा लावला नाही.
वासरं जिवंत होती सगळी.

हे चोवीस मिलिमीटरचं भिंग मात्र
देणार नाही.
यादीत होतं, कबूल.
चाळीस डॉलर कमी दे.
आल्डा बघायची तेव्हा पापण्यांचं काळं
काचेला लागायचं, दर वेळी.
किती ओरडलो असेन मी:
डोळे रंगवून अंधारात कोण जातं गं?
पुसायचं राहून गेलंय.

हां, तर कुठे होतो?
पहिल्या रात्री श्यामशबलातली
भोवऱ्याची दीर्घिका लाव.
फोटोतलं निळं-गुलाबी विसर.
थंड काचेवर कुणी श्वास सोडावा
तेवढा राखाडी डाग दिसेल. तेवढाच.
त्याच्याकडे टक लावू नकोस, पळतो.
जरा बाजूला बघ, दुसरंच काही शोधत असल्यासारखी,
म्हणजे हळूहळू त्याचे हात उलगडतात.
नाहीच उलगडले
तर पैसे परत मागायला येऊ नकोस.
डाग घेऊन ये, कॉफी देईन.

आणि आरसा धुवू नकोस उगाच.
धूळ दिसते तेवढी नडत नाही.
नडतं ते फडकं.

चल, तू ती बाजू धर.
तशी नव्हे, पाठीतून नाही,
गुडघ्यांतून उचल.
थांब, माझा हात निघू दे आधी.