उजवा मागचा

मांजरेचं पात्र त्या साली मार्चातच उघडं पडलं.
वाळू आधीच ट्रॅक्टरनं गेली होती,
खाली लागला करडा गाळ, दगड झालेला,
त्यात खड्डे, एकापुढे एक.
गावात कुणी म्हणालं उखळं,
कुणी म्हणालं भीम इथं रांगला.
बिराजदार मॅडम गुडघ्यांवर बसल्या,
एक खड्डा ब्रशनं झाडला,
बराच वेळ बोलल्याच नाहीत.

मी टेप धरायचो.
लांबी बावीस. रुंदी चोवीस.
बोटं मोज, म्हणाल्या.
गाईबैलाचे खूर दोन. गेंड्याची बोटं तीन.
हत्तीचा ठसा गोल, परातीसारखा.
मी बोट घालत गेलो. एक, दोन, तीन,
चौथ्यात गुटख्याची पुडी होती,
ती काढली.
चार.

"नाव लिहू?"
"थांब. ठशाचं नाव वेगळं असतं, जनावराचं वेगळं.
जनावर आपण कुठं पाहिलंय?
आपण पाहतोय चिखल,
कुणाच्या तरी वजनाखाली दबलेला."

मौलाली नालबंद हाळीच्या बाजारातून परत चालला होता,
खांद्यावरच्या पिशवीत हातोडी आणि नाल खुळखुळत.
चपला काठावर काढून उतरला.
उकिडवा बसला, सरकत सरकत पुढे गेला,
शेवटी म्हणाला,
"ह्येचा उजवा मागचा दुखलालाय."

कशावरून?

"बगा की. चारातला ह्यो एकच उथळ.
टेकवलाय, पर भार दिला न्हाई.
आन् हितं डाव्याच्या कडंला चिखल वर आलाय,
समदं अंग तिकडं झोकलंय."

मॅडमनी माझ्या हातातला टेप घेतला.
एकोणीस ठसे, सगळे पुन्हा.
वहीत लिहिलं: उजवा मागचा, दुखापत.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं,
मग ते जरा बारीक केलं.

"कोण हुतं म्हणायचं?"
"पाणघोडा असावा."
मौलालीनं पात्र वर बघितलं, खाली बघितलं.
पुलाचे खांब पायथ्यापर्यंत कोरडे.
"पाण्यातला?"
"पाण्यातला."
त्यानं ठशावर वीत लावली, पुरली नाही.
"ह्येला नाल न्हाई बसायचा," म्हणाला.

साचा घ्यायचा तर प्लास्टर कालवायला पाणी हवं.
जीपमध्ये एकच जार, विकतचा,
त्यातलं अर्धं आम्ही सकाळपासून प्यायलो होतो.
उरलेलं मॅडमनी मोजून ओतलं,
तळाचं घोटभर मौलालीला दिलं.
त्यानं ते प्यायलं नाही लगेच.

तेराव्या ठशापुढे वाळूवाल्यांची चारी आडवी गेलेली,
पलीकडे सहा, मग काठ,
मग कुणाचं तरी हरभऱ्याचं रान.
कुठं निघाला होता ते त्याच्याखाली.

प्लास्टर घट्ट होताना तापतं.
हे मला पुस्तकातून ठाऊक होतं,
मौलालीला नव्हतं.
त्यानं तळहात उलटा करून
त्या पांढऱ्या पावलावर ठेवला,
बैलाच्या कानाला लावतो तसा,
आणि हळूच म्हणाला,
"अंगात ताप हाय."